फिटचा विकार आणि अंगमेहनतीची नोकरी

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगर आणि त्याच्या आसपासच्या हनुमाननगर, जयभवानीनगर, मुकुंदवाडी या वसाहतींमधील तरुणांपुढे रोजगाराचे जे मार्ग प्रत्यक्षात खुले असतात, त्यांपैकी बहुतेकांमध्ये शरीर हेच भांडवल असते. चिकलठाणा, शेंद्रा किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील पाळीचे काम, बांधकामावरील सेंट्रिंग वा गवंडीकाम, जाधववाडीच्या बाजारातील हमाली, मालवाहू गाडीवरची नोकरी आणि गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात घाम गाळणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांपुढे असलेली पोलीस वा सैन्यभरती हे त्यांतले ठळक मार्ग होत. अशा घरातील एखाद्या मुलाला वा मुलीला अपस्मार असल्याचे निदान झाले, की दोन टोकांचे निर्णय होताना दिसतात : एक तर सर्व कष्टाच्या कामांतून काढून त्याला घरी बसवले जाते, नाही तर आजार पूर्णपणे लपवून मिळेल ते काम पत्करले जाते. दोन्ही निर्णय घाईचे असतात, कारण दोन्हींत रुग्णाकडे पाहिले जाते आणि कामाची तपासणी मात्र राहून जाते.

अपस्मार, म्हणजे बोलीत ज्याला फिट, फेफरे, आकडी किंवा मिरगी म्हटले जाते, तो मेंदूच्या पेशींमधील विद्युत्-संदेशांचा अचानक व तात्पुरता गोंधळ वारंवार होण्याचा विकार होय. चोवीस तासांहून अधिक अंतराने, तात्कालिक कारणाशिवाय, दोन फिट आल्या, किंवा एकच फिट येऊन तपासण्यांवरून ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी दिसली, म्हणजे हे निदान केले जाते. जगात सुमारे ५ कोटी आणि भारतात अंदाजे १ कोटीहून अधिक लोकांना हा विकार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त राहू शकतात. लहानपणी केवळ तापात आलेली फिट म्हणजे अपस्मार नव्हे. भरतीच्या वा नोकरीच्या अर्जात पूर्वेतिहास विचारला जातो तेव्हा हा फरक कागदोपत्री दाखवता यावा, यासाठी घाटी या शासकीय रुग्णालयातील जुने केसपेपर आणि ईईजीचे, म्हणजे मेंदूच्या विद्युत्-आलेखाचे, अहवाल जपून ठेवणे आवश्यक असते.

शारीरिक श्रमांनी फिट येते, हा समज फार रुजलेला असला तरी त्याला वैद्यकीय आधार क्षीण आहे. बहुसंख्य रुग्णांत व्यायाम हे फिटचे कारण ठरत नाही, उलट नियमित व्यायामाने झोप, वजन आणि मनःस्थिती सुधारते. भारताच्या १९७६-७७ च्या दौऱ्यावर इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व करणारे टोनी ग्रेग आणि पुढे मुंबई इंडियन्सचे क्षेत्ररक्षण प्रशिक्षक झालेले दक्षिण आफ्रिकेचे जाँटी ऱ्होड्स या दोघांनाही अपस्मार होता, आणि ऱ्होड्स यांची कीर्ती तर शरीर जमिनीवर झोकून देण्यावरच उभी होती. मुंबईत वाढलेल्या अभिनेत्री फातिमा सना शेख यांनी ‘दंगल’ चित्रपटासाठी कुस्तीचे प्रशिक्षण घेत असताना आपल्याला या विकाराचे निदान झाल्याचे २०२२ मध्ये स्वतः जाहीर केले. तथापि अशा नामवंतांच्या उदाहरणांवरून रोजंदारीवरील कामगाराने थेट निष्कर्ष काढू नये, कारण क्रिकेटच्या मैदानावर फिट आली तर खेळाडू गवतावर पडतो आणि चारही बाजूंना माणसे असतात, तर सेंट्रिंगच्या कामावरील मजुराच्या खाली तीन मजल्यांची पोकळी असू शकते.

या फरकातच निर्णयाचे सूत्र आहे. काम जड आहे की हलके, हा प्रश्न दुय्यम असून, ‘या जागी, हे काम करत असताना, एक-दोन मिनिटे शुद्ध हरपली तर काय घडेल?’ हा प्रश्न पहिला विचारावा लागतो. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्मारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या कार्यगटाने २०१६ मध्ये खेळांची जी वर्गवारी मांडली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे. पहिल्या गटात विशेष जादा धोका नसलेले खेळ येतात, आणि त्यांत धावणे, क्रिकेट, फुटबॉल, व्हॉलीबॉल यांबरोबर कुस्ती व ज्यूदोही आहेत. दुसऱ्या गटात खेळाडूला स्वतःला मध्यम धोका असलेले पोहणे, सायकलिंग, वजन उचलणे, मुष्टियुद्ध, जिम्नॅस्टिक्स असे प्रकार आहेत. मल्लखांबाचा विचारही याच रांगेत करणे योग्य ठरेल. तिसऱ्या गटात गिर्यारोहण, मोटार शर्यती, पाण्याखालील डुबकी यांसारखे, खेळाडूच्या आणि काही वेळा इतरांच्याही जिवावर बेतणारे खेळ आहेत. कुस्ती पहिल्या गटात आणि पोहणे दुसऱ्यात, हे पाहून अनेकांना नवल वाटेल. पण आखाड्यातील मातीवर पडणे आणि पाण्यात बुडणे यांतील फरक ध्यानात घेतला, की या क्रमात विसंगत असे काही उरत नाही.

हीच कसोटी पुंडलिकनगरच्या कामगाराला लावली तर चित्र बरेच स्पष्ट होते. बाजारातील हमाली हे अत्यंत कष्टाचे काम असूनही जमिनीवर, माणसांच्या गराड्यात आणि यंत्राविना चालते, त्यामुळे ते पहिल्या गटाच्या जवळचे मानता येते; मात्र पाठीवर पोते घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढण्याचा भाग वेगळा काढावा लागतो. कारखान्यातील असेंब्ली लाइन, पॅकिंग, तपासणी, स्टोअर ही कामे बहुधा निर्धोक असतात. पॉवर प्रेसच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा लागतो : दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय जो प्रेस खाली येत नाही, किंवा ज्याच्यापुढील प्रकाशपडद्यात हात येताच यंत्र थांबते, तो प्रेस पायाच्या पेडलवर चालणाऱ्या जुन्या प्रेसपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो, आणि लहान वर्कशॉपमध्ये ही उपकरणे उत्पादन वाढवण्यासाठी बंद करून ठेवलेली असतील, तर त्या यंत्रावर अपस्मार असलेल्याने काय, कोणीच उभे राहू नये. भट्टी, उघड्या रसायनांची टाकी, फोर्कलिफ्ट, माथ्यावरची क्रेन, शिडी, परांची, उच्चदाबाची वीज आणि एकट्याने करायचे रात्रीचे काम ही मात्र, फिट पूर्ण आटोक्यात येऊन बराच काळ लोटेपर्यंत, टाळण्याचीच ठिकाणे होत. गावाकडे शेती असलेल्या कुटुंबांनी या यादीत विहिरीवरची मोटार आणि रात्रीच्या विजेवर एकट्याने पिकाला पाणी देणे यांचाही समावेश करावा.

पदाच्या नावावरून निर्णय घेणे चुकीचे का ठरते, ते यावरून दिसते. वेल्डर या एकाच नावाखाली टेबलावर जुळणी करणारा कामगारही येतो आणि शेडच्या पत्र्याखाली पट्टा बांधून लोंबकळणाराही येतो. म्हणून कामगाराने आपल्या पाळीतील प्रत्येक कृती क्रमाने कागदावर लिहून काढावी, आणि त्यांतील कोणत्या दोन-तीन कृती सहकाऱ्याकडे सोपवता येतील ते पाहावे; पुष्कळदा अख्खी नोकरी सोडण्याऐवजी एवढ्यानेच भागते.

दुसरी बाजू फिटच्या प्रकाराची. सर्वांग ताठ होऊन झटके येणारी फिट सर्वांना ओळखता येते, परंतु मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणाऱ्या फिटमध्ये माणूस उभाच राहतो, नजर शून्यात लागते, ओठ चघळल्यासारखे हलतात, हात कपड्यांशी वा हातातील वस्तूशी चाळा करत राहतात आणि त्याला त्याचे भान नसते. यंत्रापाशी हा प्रकार कोसळण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकतो, कारण पाहणाऱ्याला काही बिघडले आहे असे वाटतच नाही. काहींना फिटपूर्वी पोटात गोळा उठणे, विचित्र वास येणे अशी पूर्वसूचना मिळते आणि तेवढ्या वेळात बाजूला बसता येते. काहींना कित्येक वर्षे फक्त झोपेतच फिट येतात. या सगळ्याची नोंद तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप आणि चुकलेली गोळी यांसह वहीत ठेवावी, आणि शक्य झाल्यास घरच्यांनी फिटचे मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे, कारण निदानात त्याचा उपयोग पुष्कळ महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त होतो.

भरतीची तयारी करणाऱ्या वयात एक विशिष्ट प्रकार नजरेतून निसटतो. सामान्यतः १२ ते १८ या वयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक अपस्मारात सकाळी उठल्यानंतरच्या तासाभरात हातांना क्षणिक हिसके बसतात, चहाचा कप वा टूथब्रश हातातून उडतो, आणि अपुऱ्या झोपेनंतर एखाद्या दिवशी मोठी फिट येते. रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसायचे आणि पहाटे चार वाजता धावण्यासाठी उठायचे, ही भरतीच्या तयारीची रूढ पद्धत या प्रकाराला अगदी पोषक असते. हे हिसके अशक्तपणा समजून दुर्लक्षिले जातात. शिवाय कार्बामाझेपीन व फेनिटोइन ही अन्यथा उपयुक्त औषधे या प्रकारात हिसके वाढवू शकतात, त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञाला सकाळच्या हिसक्यांबद्दल आवर्जून सांगावे लागते. याउलट, ऐन धावताना कोसळलेल्या तरुणाला केवळ हातपाय हलले म्हणून फिटचा रुग्ण ठरवणेही धोक्याचे असते : श्रम चालू असताना बेशुद्ध पडणे हे हृदयाच्या विकाराचे लक्षण असू शकते, आणि ईसीजी व इकोकार्डिओग्राफी होईपर्यंत त्याने पुन्हा धावू नये.

भरतीबाबत स्पष्ट बोलणे हितावह आहे. सैन्यदले आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दले यांच्या वैद्यकीय निकषांत अपस्माराचा पूर्वेतिहास ही अपात्रता मानली जाते. पोलीस शिपाईपदासाठी पुरुषांची १६०० मीटर व १०० मीटर धाव आणि गोळाफेक, तर महिलांची ८०० मीटर व १०० मीटर धाव आणि गोळाफेक अशी मैदानी चाचणी असते, आणि अपस्मार असलेला सराव केलेला उमेदवार ती उत्तम गुणांनी पार करू शकतो, परंतु निवडीनंतरची वैद्यकीय तपासणी पुढे उभीच असते. माहिती दडवून मिळवलेली नोकरी पुढे खोट्या प्रतिज्ञापनाच्या कारणावरून जाऊ शकते. म्हणून तयारीत तीन-चार वर्षे घालण्यापूर्वीच त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतील वैद्यकीय निकष वाचून तज्ज्ञाचे मत घ्यावे. मैदानाची ओढ खरी असेल, तर शारीरिक शिक्षणाची पदवी, प्रशिक्षक, पंच, फिजिओथेरपी, व्यायामशाळेतील मार्गदर्शन ही क्षेत्रे शरीर वापरणारीच आहेत.

औषधांच्या बाबतीत सर्वांत मोठा अडथळा पाळ्यांचा असतो. चिठ्ठीवर ‘सकाळी-रात्री जेवणानंतर’ असे लिहिलेले असते, पण आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराचे जेवण आणि झोप दोन्ही सरकत राहतात, आणि त्यांच्याबरोबर गोळीही सरकते. दिवसातून दोनदा घ्यायचे औषध जेवणाशी न बांधता घड्याळाशी बांधावे, सकाळी ८ व रात्री ८ अशी वेळ ठरवून मोबाइलचा गजर लावावा, आणि दोन दिवसांच्या गोळ्या डब्याच्या पिशवीत कायम ठेवाव्यात. दिवसातून एकदा घेता येणारे, हळूहळू विरघळणारे औषध काहींना चालते. त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. रात्रपाळी पूर्ण बंद करता येत नसेल, तर किमान पाळी दर आठवड्याऐवजी महिन्याने बदलावी आणि दुहेरी पाळीचा ओव्हरटाइम नाकारावा, कारण चुकलेली गोळी आणि तुटलेली झोप ही फिट पुन्हा येण्याची नेहमीची दोन कारणे आहेत, तर दारू आणि तिच्या नंतरचा उतार हे तिसरे. नवरात्राचे वा रमजानचे उपवास करणाऱ्यांनी मात्रेच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात, स्वतःहून गोळी वगळू नये.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या औषधांनी काहींना घाम कमी येतो, आणि घाम न आल्यास शरीराची उष्णता बाहेर पडण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. पारा चाळिशीपार गेलेला असताना स्लॅबवर किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यासाठी हे गंभीर आहे. कार्बामाझेपीन व ऑक्सकार्बाझेपीन यांनी रक्तातील सोडियम घटू शकते, आणि अशा वेळी भरपूर घाम गाळून केवळ साधे पाणी पीत राहिल्यास ते अधिक खालावते. फेनिटोइनची मात्रा जास्त झाल्यास चालताना तोल जातो, व्हॅल्प्रोएटने हाताला कंप सुटू शकतो, आणि तोल वा हाताची स्थिरता हेच ज्याचे कौशल्य, त्या गवंड्याने वा फिटरने हे त्रास सहन न करता डॉक्टरांना सांगावेत. व्हॅल्प्रोएट गर्भासाठी घातक असल्याने तरुण महिला कामगारांनी या औषधाविषयी विचारणा केलीच पाहिजे. फेनिटोइन, फिनोबार्बिटल यांसारखी जुनी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी अधूनमधून व्हावी. स्पर्धात्मक खेळाडूंनी एक ध्यानात ठेवावे : प्रचलित बहुतेक अपस्मारविरोधी औषधांवर उत्तेजकविरोधी नियमांत बंदी नाही, पण क्वचित वापरले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे मूत्रल औषध प्रतिबंधित यादीत आहे आणि त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते.

आजार सांगावा की नाही, हा प्रश्न वैद्यकीय कमी आणि व्यावहारिक अधिक आहे. कंत्राटी कामगाराला उद्या ठेकेदार गेटवरूनच परत पाठवू शकतो, ही भीती खोटी नाही. तरीही प्रत्येक पाळीत निदान एका सहकाऱ्याला माहिती असावी, आणि कारखान्यात वैद्यकीय कक्ष वा सुरक्षा अधिकारी असेल तर त्यांना लेखी कळवावे. येथे प्रमाणपत्राची भाषा निर्णायक ठरते. ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र कामगाराचे नुकसानच करते, कारण हलके काम म्हणजे काय ते ठेकेदाराला ठाऊक नसते आणि त्याच्याकडे ते बहुधा नसतेही. त्याऐवजी डॉक्टरांकडून फिटचा प्रकार, शेवटची फिट कधी आली, भानावर यायला किती मिनिटे लागतात, आणि नेमकी कोणती कामे, उदाहरणार्थ दोन मीटरहून उंच जागा, वाहन, भट्टी, टाळावीत, हे लिहून घ्यावे व उरलेल्या सर्व कामांसाठी व्यक्ती सक्षम असल्याचा स्पष्ट उल्लेख करवून घ्यावा.

सहकाऱ्यांना शिकवायचे फार थोडे असते : डोक्याखाली मऊ काही ठेवणे, यंत्र बंद करणे, कुशीवर वळवणे, वेळ मोजणे, हातपाय न धरणे, तोंडात काहीही न घालणे, चप्पल वा कांदा न हुंगवणे, आणि फिट पाच मिनिटांहून अधिक चालली किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे.

कायद्याचे संरक्षण मर्यादित आहे आणि त्याची मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या यादीत २१ प्रकार असून ‘जुनाट चेतासंस्थीय विकार’ या गटात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, अपस्माराचे स्वतंत्र नाव नाही; सेरेब्रल पाल्सीसारख्या सूचीबद्ध स्थितीबरोबर अपस्मार असल्यास त्या स्थितीच्या आधारे प्रमाणपत्र मिळू शकते. ज्यांना हा कायदा लागू होतो, त्यांना शासकीय सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कलम २० नुसार नोकरीवरून काढता येत नाही, समान वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते.  खासगी कारखान्यातील, मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराला कामगार राज्य विमा योजना अधिक उपयोगाची ठरते : आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो आणि तो घेत असलेल्या काळात मालकाला कामावरून काढता येत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या वाढीव लाभासाठी असलेल्या ३४ दीर्घ आजारांत पक्षाघात, पार्किन्सन, मायस्थेनिया यांचा समावेश आहे, अपस्माराचा नाही. ठेकेदार विम्याची कपात करतो पण ती भरतो का, हे कामगाराने आपल्या विमा क्रमांकावरून तपासत राहावे.

वाहन चालवण्याबाबत भारतीय नियम कठोर आहेत. वाहन परवान्याच्या अर्जाबरोबरच्या नमुना १ मध्ये अपस्मार वा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, हे विचारले जाते. ब्रिटनमध्ये मोटारीसाठी साधारणतः १२ महिने फिटमुक्त राहण्याची, आणि जड वाहनांसाठी १० वर्षे औषधाविना फिटमुक्त राहण्याची अट आहे. भारतीय नियमांत असा कालावधी नमूद नसल्याने सर्वांना एकाच मापाने मोजले जाते. नियमातील ही त्रुटी मान्य करूनही, ट्रक, टेम्पो, रिक्षा वा डिलिव्हरीची दुचाकी हा उपजीविकेचा मार्ग अपस्मार असलेल्याने निवडू नये, आणि कामाला जाण्यासाठी कंपनीची बस वा शहर बस वापरावी, कारण येथे धोका दुसऱ्याच्या जिवालाही असतो.

दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर तिसरे-चौथे औषध वाढवत वर्षे घालवण्याऐवजी शस्त्रक्रियेची शक्यता तपासणाऱ्या मोठ्या केंद्राकडे जाण्याचा आग्रह धरावा. पुण्यातील यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या संवेदना फाउंडेशनसारख्या स्वमदत गटांत मराठीतून नोकरी, लग्न आणि औषधे यांविषयी मोकळेपणाने बोलता येते. लग्नाच्या संदर्भात सांगायचे तर, अपस्मार हे हिंदू विवाह कायद्यातील अडथळ्याचे कारण १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले आहे.

फिट दोन-तीन वर्षे न आल्यास डॉक्टर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात, आणि कामगाराच्या दृष्टीने हा काळ उपचार सुरू करण्याच्या काळाइतकाच नाजूक असतो. नवी नोकरी, नवी पाळी, भरतीचा हंगाम किंवा भर उन्हाळा यांच्याशी तो जुळवू नये. मात्रा कमी होत असताना आणि औषध पूर्ण बंद झाल्यानंतरचे निदान सहा महिने उंचीवरचे व यंत्रावरचे काम पुन्हा बाजूला ठेवावे, आणि तसे मुकादमाला आधीच सांगून त्या मुदतीपुरती पॅकिंगची किंवा स्टोअरची जागा मागून घ्यावी.